बोलणारा नकाशा

५ मार्च १९९८, धुळे

क्लासच्या सरांना सांगून टाकलं, उद्यापासून शिकवायला येत नाही. त्यांनी विचारलं, लग्न ठरलं का. मी म्हटलं, नाही, सीडी करायची आहे. त्यांना वाटलं गाण्यांची. समजावत बसले नाही. घरी आईने दोन्ही प्रश्न विचारले: सीडी म्हणजे काय, आणि मग लग्नाचं काय.

काम असं आहे. जळगावच्या चुडामण नानांचा प्रेस आहे. त्यांची कॅलेंडरं खान्देशातल्या निम्म्या स्वयंपाकघरांत लटकलेली असतात. आता त्यांना खान्देशाची सीडी काढायची आहे. कॉम्प्युटरच्या पडद्यावर नकाशा, गावावर माउसने टिचकी मारली की त्या गावाचे फोटो, जरासं चलतचित्र आणि माहिती सांगणारा आवाज. जूनमध्ये जळगावला पुस्तकांचं प्रदर्शन आहे, तिथे ती लोकांपुढे मांडायची. नाना म्हणाले, पुण्याच्या पोरांना जमतं तर धुळ्याच्या का नाही. हे मला आणि लोटनला फार पटलं.

लोटन पाटील म्हणजे माझा कॉलेजातला मित्र. लग्नांचं शूटिंग करतो, आणि कुठलंही यंत्र दिसलं की आधी त्याचे स्क्रू काढतो. गल्ली नंबर चारमध्ये टेलरच्या दुकानावर त्याची खोली आहे. ते आमचं ऑफिस. खालून शिलाई मशीनचा आवाज येतो, पण टेलर दुपारी झोपतो.

९ मार्च

लोटनला एका मासिकाबरोबर आलेल्या सीडीत एक प्लेअर सापडला. फोटो, आवाज, व्हिडिओ सगळं एकातच वाजवतो, आणि आपण लिहून दिलेल्या हुकमांप्रमाणे वागतो. हुकूम एका साध्या फाइलमध्ये, ओळीखाली ओळ: पडदा काळा कर, नकाशा आण, थांब, पारोळ्यावर टिचकी पडली की पारोळ्याचा आवाज वाजव, संपला की परत नकाशावर ये. फारच आज्ञाधारक आहे. इतका, की एका ओळीत एक स्वल्पविराम जास्त पडला तर तो काही बोलत नाही, रुसत नाही, नुसता बंद होतो. आज दिवसभर तो बंदच होता.

संध्याकाळी पहिल्यांदा नकाशा आला. लोटनने शेव-भाजी मागवली.

१३ मार्च

आवाज कुणाचा, हा प्रश्न. लोटनने आपला दिला. ऐकताना वाटलं, वरातीतला घोडा हरवलाय आणि तो शोधायला निघालाय. माझा आवाज नानांनी फोनवरच नापास केला, शाळेतली प्रार्थना वाटते म्हणे. तेव्हा लोटन म्हणाला, तुझ्या घरात खान्देशातला सगळ्यांत जास्त ऐकलेला आवाज पडून आहे आणि आपण कुठे शोधतोय.

खरंच की. आबा म्हणजे माझे वडील, गेल्या वर्षी एसटीतून रिटायर झाले. धुळे स्टँडवर कंट्रोलर होते, गाड्यांची घोषणा तेच करायचे. लहानपणी मी शाळेत सांगायचे की सगळ्या गाड्या माझ्या आबांना विचारून सुटतात.

विचारलं तर आधी नाहीच म्हणाले. मग म्हणाले, गावं कुठली कुठली आहेत. यादी दाखवली. चष्मा लावून वाचली आणि साक्रीच्या आधी पिंपळनेर कसं घातलंस म्हणून मलाच झापलं.

१६ मार्च

पहिलं गाव धुळे. पंखा बंद, खिडकी बंद, टेलर झोपलेला. आबा खुर्चीवर ताठ बसले, घसा साफ केला आणि एका दमात सगळं म्हणून मोकळे झाले. भरदार, गोल, शेवटचं अक्षरसुद्धा न गिळलेलं. लोटन हेडफोन काढून नुसता बघत राहिला.

नानांना फोनवरून ऐकवलं. म्हणाले, ह्या आवाजाने माझ्या किती गाड्या चुकता चुकता वाचवल्या, हे काम देऊ नको दुसऱ्या कुणाला.

२८ मार्च

जोरात चाललंय. जळगाव, एरंडोल, पारोळा झाले. पारोळ्याला लोटन किल्ल्याचं शूटिंग करायला गेला आणि खंदकाच्या काठावर कुत्री मागे लागली म्हणून धावत आला. ते सगळं कॅमेऱ्यात आलंय. आबांनी ते तीनदा बघितलं, पण किल्ला हलतोय म्हणून ते सीडीत घेता येणार नाही.

पारोळ्याच्या आवाजात किंचित खरखर येतेय. माइक स्वस्तातला, त्याचंच असणार.

१० एप्रिल

आनंदाची बातमी. आबांनी बिडी सोडली. आई इतकी वर्षं भांडली तरी सुटली नव्हती. परवा स्वतःहूनच बंडल उचलून शेजारच्या भिकाला देऊन आले. मी विचारलं, असं अचानक काय झालं. म्हणाले, चव लागत नाही आता. सीडीचं काम त्यांना मानवलंय, दुसरं काय. रिटायर झालेल्या माणसाला काम पाहिजेच.

घसा मात्र सारखा साफ करतात. रेकॉर्डिंगच्या आधी मीठ घातलेलं कोमट पाणी पितात. अगदी गवयासारखं चाललंय, असं लोटन म्हणतो.

१४ एप्रिल

जयंती. रेकॉर्डिंग अर्थातच नाही, सगळ्या गावात भोंगे. मिरवणूक आमच्या वस्तीतून निघते तेव्हा दरवर्षी सुरुवातीला माइकवर आबा बोलतात. यंदा त्यांनी माइक भिकाकडे दिला. म्हणाले, नव्या माणसांनी पुढे यावं. मला फार बरं वाटलं. हातातला माइक इतक्या सहज सोडणारी माणसं किती असतात. भिका घाबरून दोन वाक्यांत आटपला, पण टाळ्या खूप पडल्या.

२६ एप्रिल

चव्वेचाळीस अंश. आवाजासाठी पंखा बंद करायचा म्हणजे आपण स्वतःच भट्टीत बसायचं. आज चाळीसगाव घेतलं. आबांचा घाम कागदावर पडत होता तरी थांबले नाहीत.

खरखर वाढलीय. लोटनने नाशिकहून नवा माइक आणला. त्यावर आधी त्याने स्वतः बोलून बघितलं, स्वच्छ आलं. मग आबांनी घेतलं तर परत तेच, वाळूवरून चप्पल ओढल्यासारखं. म्हणजे माइक नाही. मग साउंड कार्डच असणार. लोटन म्हणाला, कार्ड खराब असतं तर माझा आवाज कसा चांगला आला. मी म्हटलं, तुझा आवाज मुळातच खराब आहे, तुला फरक कळणार नाही.

तो हेडफोनची वायर गुंडाळायला लागला. एरवी उलट उत्तर देतो.

३ मे

आज आबांशी वाद. एका बैठकीत तीन गावं करू म्हणतात. मी सांगितलं, घाई नाही, अजून वेळ आहे, दमलात की आवाज बसतो. ऐकेनात. आमच्याशी बोलताना प्रमाण मराठीत बोलतात, पण हट्टाला आले की अहिराणी सुरू होते.

"बठ्ठा गाव व्हई जाऊ दे एकदाना," म्हणाले. सगळी गावं एकदाची होऊन जाऊ देत.

झाली तीन गावं. नंदुरबारला दोनदा थांबून पाणी प्यायले. मी मधला भाग कापून जोडला. आवाजाच्या प्रोग्रॅममध्ये खरखर कमी करायची सोय आहे, ती लावली, तर आबा पिंपातून बोलल्यासारखे वाटायला लागले. काढून टाकली.

८ मे

पिंपळनेर झालं आणि यादी संपली. आबा खुर्चीवरून उठले आणि कागदांची घडी करून मला दिली. मी म्हटलं, पार्टी. ते हसले आणि घरी जाऊन झोपले.

१२ मे, जळगावहून परत

आजचा दिवस विसरायचाय, म्हणून लिहून ठेवते. नानांच्या प्रेसमध्ये सीडी दाखवायची होती. नानांनी दोन प्राध्यापक, एक वकील आणि स्वतःच्या दोन्ही सुना बसवल्या होत्या. सीडी घातली, नकाशा आला, सगळे वाहवा म्हणाले. नानांनी स्वतः पारोळ्यावर टिचकी मारली. काही नाही. एरंडोल, काही नाही. जळगावसुद्धा नाही, तेही जळगावात बसून.

कारण घरी यायच्या बसमध्ये कळलं. आमच्या कॉम्प्युटरवर सीडीच्या खाचेचं अक्षर डी आहे. प्रेसमधल्या कॉम्प्युटरवर ई. मी हुकमांत प्रत्येक आवाजाचा पत्ता डी म्हणून लिहिला होता. प्लेअर बिचारा डी नावाच्या घरी जाऊन दार वाजवत होता. पत्ता नुसता "मी जिथे आहे तिथलाच" असा लिहायला हवा होता. एरंडोलला बस थांबली तेव्हा मी मोठ्याने स्वतःला गाढव म्हणाले. शेजारच्या बाईने जागा बदलली.

१६ मे

पत्ते बदलले, अक्षर काढलं. परत जळगाव, परत तीच मंडळी, सुना सोडून. सगळी गावं बोलली. कुठल्याही कॉम्प्युटरवर बोलतील आता, आणि ज्याच्याकडे प्लेअर नाही त्याच्यासाठी प्लेअरही सीडीतच घातलाय, सीडी आत गेली की आपोआप सुरू होतो.

नाना खूश, पण जाताना मला बाजूला घेऊन म्हणाले की काही गावांचा आवाज बसका आहे, हवं तर तेवढी पुण्याच्या माणसाकडून पुन्हा म्हणवून घेऊ. मला राग आला. मी सांगितलं, आवाज बसका नाही, आमचं कार्ड जुनं आहे. नानांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि आबांची तब्येत कशी आहे असं विचारलं. छान आहे म्हटलं. बिडीसुद्धा सोडली.

१९ मे

आज नकाशाच्या कोपऱ्यात एक नवं बटण केलं, "सगळी गावं ऐका". ज्याला टिचक्या मारायचा कंटाळा असेल त्याने हात बांधून बसावं, गावं एकामागून एक बोलतील. प्रत्येक गावाचं नाव लिहायचा मला कंटाळा आला म्हणून प्लेअरला सांगितलं, ह्या कप्प्यात जेवढे आवाज आहेत तेवढे वाजव. त्याने नकाशाचा क्रम धरला नाही. ज्या तारखेला जे रेकॉर्ड झालं त्या क्रमाने वाजवायला लागला.

आधी धुळे. मग जळगाव, एरंडोल, पारोळा. मी हुकमांची फाइल उघडून चूक शोधत होते, कानांवर आवाज पडत होता. चाळीसगावला माझा हात थांबला. त्यापुढचं मी नुसतं ऐकलं. तोच माइक नव्हता, पण खोली तीच, कार्ड तेच, माणूस तोच. गावागणिक कुणीतरी कानशीने घासत नेल्यासारखा आवाज कमी होत गेला, आणि पिंपळनेरला जे बोलत होते ते आबा आहेत हे मला माहीत होतं म्हणून कळलं.

लोटन दारात उभा होता. मी त्याला विचारलं, तुला कधीपासून माहीत आहे. तो म्हणाला, नवा माइक आणला तेव्हापासून. आबांना त्याने सांगितलंही होतं. आबांनी त्याला शपथ घातली.

२० मे

सकाळी आबा अंगणात पेपर वाचत होते. मी सांगितलं, आज डॉक्टरकडे जायचंय. त्यांनी कशाला असं विचारलं नाही. पेपरची घडी केली.

"तुम्हाला कळत होतं ना," मी म्हटलं.

"कळत होतं."

"मग आधीच का नाही गेलात?"

त्यांनी पेपरची घडी आणखी लहान केली. मग म्हणाले, "डॉक्टर पहिलं काय सांगतो? बोलू नका. मी मझारमा थांबतू ते अर्धा नकाशा मुका राही जाता." मध्येच थांबलो असतो तर, म्हणजे.

मला भांडायचं होतं. आई आतून सगळं ऐकत होती. ती बाहेर आली ती चप्पल घालूनच. म्हणाली, भांडणं आल्यावर, रिक्षा थांबलीय.

२३ मे

नेहमीच्या डॉक्टरांनी ज्यांच्याकडे पाठवलं त्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी आरसा घालून बघितलं. स्वरयंत्राच्या एका पट्टीवर काहीतरी आहे. तुकडा काढून तपासायला मुंबईला पाठवला. डॉक्टर तरुण आहेत. आबांना म्हणाले, तुमची गाडी पकडूनच मी मेडिकलला गेलो होतो.

रात्रभर मी सीडीचं काम शिकायला घेतलेली पुस्तकं चाळत होते. पुस्तकांत आवाजाविषयी सगळं आहे. घशाविषयी काही नाही.

३० मे

रिपोर्ट आला. जे वाटत होतं तेच. डॉक्टर म्हणाले, अगदी सुरुवातीला आहे, पट्टीच्या बाहेर गेलेलं नाही, किरणांनी जाईल, बहुतेकांचं जातं. आईने विचारलं, आवाज. ते म्हणाले, येईल परत, पण तोच येईल असं नाही.

बाहेर आल्यावर आबांनी उसाचा रस मागवला, सगळ्यांना. रसवंतीवाल्याने ओळखलं, बिनबर्फाचा दिला.

४ जून

आई आणि आबांना चाळीसगावपर्यंत सोडायला गेले. तिथून मुंबईची गाडी. मामा कल्याणला राहतो, तो स्टेशनवर येणार आहे. मी पण येते म्हटलं तर आबांनी हातानेच नाही सांगितलं. त्यांना आता बोलायला मनाई आहे, आणि गंमत म्हणजे बोलत होते तेव्हापेक्षा जास्त हुकूम सोडतात. खिशातून कागद काढून लिहिलं: प्रदर्शन चुकवायचं नाही.

गाडी आली. फलाटावर घोषणा झाली तेव्हा आबांनी मान वाकडी करून ऐकली आणि दोन बोटं हलवली, म्हणजे बरी आहे, ठीक.

९ जून

परवा नानांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, प्रदर्शनाचं सोड, पुढच्या वर्षी करू. मग म्हणाले, किंवा शेवटची गावं पुण्याकडून करून घेऊ, मोतीलाल भाऊंना, म्हणजे आबांना, वाईट वाटायचं नाही. ते खरंच चांगल्या मनाने बोलत होते.

मी दोन दिवस विचार केला. लोटन म्हणाला, तू सांगशील ते. एकदा वाटलं, लोकांनी त्यांचा तो आवाज का ऐकावा, चांगला तेवढाच ऐकू दे. मग चाळीसगाव लावून ऐकलं. घामाचा कागद आठवला. नानांना फोन केला की एकही गाव बदलायचं नाही. फक्त "सगळी गावं ऐका"मध्ये क्रम नकाशाचा ठेवलाय, पश्चिमेकडून पूर्वेकडे. त्यामुळे पिंपळनेर पहिलं येतं आणि पुढे जाता जाता आवाज हळूहळू मोकळा होत जातो. हे मी कुणाला सांगितलं नाही.

१५ जून

सीडी लिहिणारं यंत्र जळगावात एकाकडेच आहे, नमुन्याच्या सीड्याही त्यानेच लिहून दिल्या होत्या. सीडी लिहिली जात असताना त्या खोलीत कुणी चालायचंसुद्धा नाही, कॉम्प्युटरचं लक्ष उडालं की सीडी वाया. मी, लोटन आणि यंत्राचा मालक तिघे पुतळ्यासारखे बसलो होतो. पहिली वाया गेली कारण लोटन शिंकला. मालक म्हणतो शिंकेने जात नाही, वीज हलली असेल. लोटनचा चेहरा बघून मी त्याला तसं पटवायचा प्रयत्न केला नाही. दुसरी झाली. मग भराभर झाल्या.

२० जून, जळगाव

प्रदर्शन. नानांच्या टेबलाभोवती एवढी गर्दी की पुस्तकवाले कुरकुरायला लागले. प्रत्येकाला आपलं गाव दाबायचंय. सगळ्यांत जास्त तक्रार अमळनेरवाल्यांची, कारण अमळनेरची माहिती इतरांपेक्षा छोटी आहे.

दुपारी एसटीचे दोन ड्रायव्हर आले, हिलाल भाऊ आणि त्यांचे सोबती. एकाने साक्री दाबलं. ऐकलं आणि दोघे एकमेकांकडे बघू लागले. हिलाल भाऊंनी मला विचारलं, हे धुळ्याचे मोतीलाल आबा का? मी हो म्हटलं, मी त्यांची मुलगी. त्यांनी परत साक्रीच दाबलं.

"आवाज थकेल वाटस," ते म्हणाले. थकलेला वाटतो. आणि मग, "पन गाव बराबर समजस."

मी एसटीडी बूथवर जाऊन कल्याणला फोन लावला. मामाने आबांच्या कानाला रिसीव्हर धरला. मी सगळं सांगितलं, गर्दी, ड्रायव्हर, अमळनेरचं भांडण. पलीकडे नुसता श्वास. मग रिसीव्हरवर टक टक केलेलं ऐकू आलं. मामा म्हणाला, ते हसतायत.

२ जुलै

नानांचा फोन. काल नंदुरबार वेगळा जिल्हा झाला. पेपरात कधीपासून येत होतं, पण आम्ही दोघेही हुकमांच्या ओळीत डोकं घालून बसलो होतो. दहा दिवसांत आमचा नकाशा जुना. मी घाबरत विचारलं, आता काय करायचं. नाना म्हणाले, मी कॅलेंडरवाला आहे पोरी, माझा माल दरवर्षीच जुना होतो. दुसरी आवृत्ती काढू, अमळनेर मोठं कर.

२६ जुलै

परवा कल्याणला जाऊन आले. किरणं संपलीत. गळ्याची कातडी बाहेरून काळवंडलीय, खाणं अजून नुसतं पातळ. आई वाळलीय, पण तिने हॉस्पिटलच्या वॉर्डातल्या निम्म्या बायकांना कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरीची रीत शिकवलीय, ज्वारी कुठली घ्यायची तेही. डॉक्टर समाधानी आहेत. आबांनी लिहून विचारलं, लोटन कसा आहे. मी सांगितलं बरा आहे. त्यांनी खाली लिहिलं, चांगला पोरगा आहे. आईनेही नेमकं तेच म्हटलं. दोघांना लोटनबद्दल एकदम काय सुचलं कळत नाही.

२३ ऑगस्ट

आज आणलं घरी. नाशिकमार्गे एसटीने, त्यांचा हट्ट. धुळे स्टँडवर उतरलो तेव्हा लोटन रिक्षा आणायला गेला. आई पिशव्या मोजत होती. बाकावर एक आदिवासी म्हातारी गाठोडं मांडीवर घेऊन बसली होती आणि येणाऱ्याजाणाऱ्याला पिंपळनेर, पिंपळनेर असं विचारत होती. भोंग्यातून घोषणा चालली होती, पण अर्धी भोंग्याने खाल्ली आणि अर्धी जीवरामने. जीवराम म्हणजे आबांच्या जागेवर आलेला माणूस, फार भराभर बोलतो.

आबा थोडा वेळ उभे राहिले. मग कंट्रोलरच्या खिडकीकडे गेले. जीवराम त्यांना बघून उठला, बाहेर येऊन पाया पडला, आत नेलं आणि काही न बोलता माइक त्यांच्यापुढे सरकवला. मी खिडकीतून सांगितलं, डॉक्टरांनी काय सांगितलंय, थोडंच बोलायचं.

"थोडंच शे," आबा म्हणाले. थोडंच आहे. अडीच महिन्यांनंतर ऐकलेलं त्यांचं पहिलं वाक्य.

मग माइकमध्ये बोलले. धुळे, साक्री, पिंपळनेर. फलाट क्रमांक सहा. आवाज कुणा तिसऱ्याचाच होता, बारीक, मध्येच तुटणारा, कागद फाटल्यासारखा. एकाही हमालाने मान वर केली नाही. पण दोन शब्दांमध्ये थांबले ते पूर्वी थांबायचे बरोबर तिथेच, आणि गावाचं नाव दोनदा घेतलं.

म्हातारी उठली. गाठोडं डोक्यावर घेतलं आणि कुणाला काही न विचारता सहा नंबरकडे चालू लागली.